दुसरी साक्ष

आईने माझ्या डाव्या मनगटाशी बाहीला तिसरी पिन लावली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"हात वर कर."

मी हात वर केला. बाही सरकली नाही.

"आता टाळी वाजव. गाताना तुझे हात वर जातात, तेव्हा बाही ओढली जाते."

"नाही वाजवणार टाळ्या."

"असं कसं? साक्ष द्यायला उभी राहिलेली मुलगी हात बांधून उभी राहिली तर लोक काय म्हणतील?"

मी टाळी वाजवली. उजव्या तळव्यावरची भेग उघडली. मी मूठ मिटून घेतली, आईला दिसू नये म्हणून.

एप्रिल महिना होता. दुपारचे साडेतीन वाजले असतील. तालुक्याच्या बाजारतळावर ख्रिस्ती प्रार्थनासभेचा मोठा मांडव घातला होता आणि व्यासपीठाच्या मागे कनात लावून बायकांसाठी खोलीसारखी जागा केली होती. तिथे आम्ही मायलेकी होतो, एक पाण्याचा माठ होता आणि दोन खुर्च्या. सभेचा तो तिसरा आणि शेवटचा दिवस. चार वाजता गीतं सुरू होणार होती, मग आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणारे प्रचारक ब्रदर योनाथान यांचं भाषण, आणि त्याच्याआधी माझी साक्ष. मी पांढरी साडी नेसले होते, कारण पांढऱ्यावर खपल्या पडलेल्या दिसत नाहीत. ब्लाउज गळ्यापर्यंत बंद. बाह्या हाताच्या पंज्यापर्यंत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आता त्याला एकोणीस वर्षं झाली.

सतराव्या वर्षी माझ्या कोपरांवर लाल चट्टे उठले. त्यांवर चांदीच्या रंगाच्या खपल्या धरायच्या आणि खाजवलं की गळायच्या. वर्षभरात ते गुडघ्यांवर, पाठीवर, डोक्यात गेले. डॉक्टरांनी सोरायसिस म्हणून सांगितलं. "हा लागट नाही," ते म्हणाले, "पण जातही नाही. कमीजास्त होत राहील." त्यांचं पहिलं वाक्य गावात कुणी ऐकलं नाही आणि दुसरं आईने ऐकलं नाही. वडील मी बारा वर्षांची असतानाच गेले होते. आई म्हणजे हन्नाबाई पाटोळे. चर्चच्या मंडळीत तिला मान होता, बायकांच्या प्रार्थनासभा तीच चालवायची. रोज सकाळी दार लावून ती माझ्या अंगाला खोबरेल चोळायची आणि चोळता चोळता प्रार्थना करायची. "प्रभू, हिची कातडी लहान लेकरासारखी कर." नऊ वर्षं. मीही तिच्यासोबत आमेन म्हणायचे. मधली तीन वर्षं मी बालवाडीत शिकवलं. मग पालकांनी तक्रार केली की बाईंच्या हाताचा कोंडा मुलांच्या डब्यात पडतो. तेव्हापासून मी घरी शिलाई करत होते.

आदल्या सप्टेंबरात आईला कुणीतरी एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. ते इंजेक्शनं द्यायचे, कसली ते सांगायचे नाहीत. तीन आठवड्यांत माझं अंग स्वच्छ झालं. खरंच स्वच्छ. मी आरशासमोर उभी राहून स्वतःच्या कोपराला हात लावत बसायचे. त्याच सुमारास ब्रदर योनाथान आमच्या घरी आले होते आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. नोव्हेंबरात त्यांच्या सभेत आईने मला उभं केलं. मी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून माइकसमोर गेले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "नऊ वर्षांचा रोग प्रभूने माझ्या अंगावरून काढला." इंजेक्शनांचं बोलले नाही. मी खोटं बोलत होते असं मला तेव्हा वाटलं नाही. इंजेक्शनं तरी कुणी दिली, देवानेच की, असं आई म्हणाली होती आणि मला ते पटलं होतं. पटवून घ्यायला मी इतकी आतुर होते.

त्या साक्षीची सीडी निघाली. गावोगावी गेली. तिच्यावरूनच राहुरीकडचं एक स्थळ आलं. शीलवंत नावाचा शिक्षक, सरळ, थोडा बुजरा. फेब्रुवारीत मागणी झाली. लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात ठरलं.

जानेवारीत इंजेक्शनं थांबली, कारण ते डॉक्टरच गाव सोडून गेले. आणि रोग परत आला. पूर्वी चट्टे होते. आता चट्ट्यांच्या मधली कातडीसुद्धा लाल झाली. मागणीच्या दिवशी पोटाला आणि पाठीलाच होतं, ते साडीखाली लपलं. मार्च उजाडेपर्यंत तळहातांना भेगा पडल्या. हे फक्त मला आणि आईला माहीत होतं.

"शीलवंतराव आलेत," आई म्हणाली. "दुसऱ्या रांगेत आहेत, आईला घेऊन. तू बोल आणि खाली उतर. लांबवू नको. मी ब्रदरांना जाऊन सांगते, तू तयार आहेस म्हणून."

ती गेली. मी खुर्चीवर बसले. बाहीच्या आत घाम आणि आग एकच झाली होती. कनातीचं कापड बाजूला झालं आणि एक बाई आत डोकावली.

"रिबकाताई तुमीच ना?"

तिशीतली, उन्हात रापलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. कडेवर दहाएक वर्षांची मुलगी, कडेवर घ्यायचं वय कधीच उलटलेली. मुलीचं डोकं आईच्या खांद्यावर कलंडलं होतं. डोळे अर्धे उघडे होते, पण ती कुठे बघत होती ते कळत नव्हतं. कपाळावर जुन्या-नव्या जखमा होत्या, एकावर एक.

"या," मी म्हणाले. "बसा."

ती जमिनीवरच बसली, मुलीला मांडीवर घेऊन. "म्या कडूबाई. लांबून आले. तुमाला भेटल्याबिगर जायचं न्हाई असं ठरिवलं हुतं. शेजारणीकडं तुमची सीडी बघितली. चार येळा बघितली."

"मुलीला काय होतं?"

"फिटा येत्यात. वनिता नाव हिचं. चार वरसाची असल्यापास्नं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू हुत्या. गोळ्यांवर मयना मयना फिट न्हाई यायची. पर कायमची न्हाई गेली." तिने मुलीच्या कपाळावरचे केस बाजूला केले. "मंग तुमची साक्ष बघितली. तुमी म्हनलात, नऊ वरसं औषिदं केली, काय झालं न्हाई, प्रभूनं एका हातासरशी काढलं. म्या म्हनलं, आपला इस्वास कमी पडतोय. संक्रांतीला गोळ्या चुलीत घातल्या."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "सगळ्या?"

"सगळ्या. आता दिसातनं तीन तीन येळा येती. शेजारीन म्हनती, परीक्षा असती, मागं फिरायचं न्हाई. आज ब्रदरांचा हात हिच्या डोक्यावर पडला की सुटली." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी एकदा सांगा. तुमचं असंच झालं हुतं ना? आदी वाडलं आन् मंग गेलं?"

बाहेर पेटी आणि ढोलकी लावून बघत होते. कुणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत होतं. वनिताच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली, ती कडूबाईने पदराने पुसली आणि उत्तराची वाट बघत राहिली.

मी पिना काढल्या. डाव्या हाताच्या तीन, मग उजव्या हाताच्या. बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात तिच्यासमोर धरला.

ती मागे सरकली नाही. तिने बोट पुढे करून चट्ट्याला लावलं, जसं रंग ओला आहे का ते बघावं तसं. एक खपली तिच्या बोटाला चिकटून आली. ती बराच वेळ त्या खपलीकडे बघत होती.

"हे काय?"

"मी बरी झालेली नाही."

"तवा तर हात सोच्छ हुते. म्या बघितले ना सीडीत."

"इंजेक्शनं घेतली होती. ती थांबली आणि परत आलं. आधीपेक्षा जास्त."

"विंजेक्शनाचं तुमी न्हाई बोल्ला."

"नाही बोलले."

"का न्हाई बोल्ला?"

मी म्हणाले, "कडूबाई, हिच्या गोळ्या सुरू करा. आजच. आत्ता इथून उठा आणि दवाखान्यात न्या."

तिचा चेहरा बदलला. राग नव्हता तो. चालता चालता पायाखालची फळी निघाल्यावर माणूस जसं बघतं, तसं ती बघत होती. "तुमी तवा येक बोल्ला. आता कनातीच्या मागं दुसरं बोलताय. म्या कोनचं खरं धरू?"

"आत्ताचं."

"तवाबी मला खरंच वाटलं हुतं." तिने मुलीला उचलून पुन्हा खांद्यावर घेतलं. "माइकवर बोल्ला हुता ना? मंग माइकवर सांगा. हजार मानसापुडं सांगा. मंग धरते म्या खरं. न्हाईतर म्या हिला ब्रदरांच्या हाताखाली नेनार."

ती गेली आणि त्याच वाटेने आई आत आली. माझ्या उघड्या हातांकडे तिचं लक्ष गेलं.

"कुणी बघितलं?"

"त्या बाईने. आई, तिने माझी साक्ष ऐकून मुलीच्या गोळ्या बंद केल्या. मुलगी मरेल."

आईने खाली वाकून जमिनीवरच्या पिना गोळा केल्या आणि माझी डावी बाही खाली ओढून लावायला लागली.

"मी तिला शोधून समजावते," ती म्हणाली. "मी सांगते गोळ्या सुरू कर म्हणून. तू त्यात पडू नको."

"ती माइकवरच सांगा म्हणते."

"रिबी, सतरा दिवस राहिलेत लग्नाला."

"मला माहीत आहे."

"तुला काही माहीत नाही!" पिन माझ्या मनगटात घुसली. तिला कळलंही नाही. "मी मेल्यावर तुझ्या पाठीला तेल कोण लावेल? कोण हात लावेल तुला? नऊ वर्षं मी गुडघे झिजवले. देवाने एवढं एक दार उघडलं, आणि तू ते स्वतःच्या हाताने लावतेस?"

"आई, लग्न झाल्यावर त्यांना दिसणारच ना?"

"तेव्हाचं तेव्हा. नवरा झाल्यावर माणूस टाकून देत नाही."

मला तिचा राग आला नाही. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी लहानपणापासून बघत आले होते, पण इतकं उघडं कधी पाहिलं नव्हतं. तिला माझी भीती वाटत होती. माझ्या रोगाची नाही, माझी. जिचं पुढे काय होणार ते तिला माहीत होतं आणि थांबवता येत नव्हतं, त्या मुलीची.

बाहेर सुरू झालेली गीतं संपली आणि ब्रदर योनाथान यांचा आवाज आला. "आमची बहीण, रिबका पाटोळे! टाळ्यांनी तिचं स्वागत करा!"

मी गेले तेव्हा एक बाही पिनांनी बंद होती आणि दुसरी मोकळी लोंबत होती.

मांडव भरला होता. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, मागे सावलीच्या कडेला उभे राहिलेले लोक. दुसऱ्या रांगेत शीलवंत बसला होता, पांढरा शर्ट, केसांना पाणी लावून बसवलेला भांग. मला बघून तो हसला. कडूबाई बायकांच्या बाजूला खांबाला टेकून उभी होती.

ब्रदर योनाथान यांनी माइक माझ्या हातात दिला. वाईट माणूस नव्हता तो. सभेत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवायचा. आजाऱ्यांसाठी रडायचा आणि ते रडणं खोटं नसायचं.

"मी रिबका पाटोळे," मी म्हणाले. माझा आवाज मला कर्ण्यातून उलटा ऐकू आला. "नोव्हेंबरात मी सांगितलं होतं की मी बरी झाले. मी बरी झालेली नाही. मी तेव्हा इंजेक्शनं घेत होते, ते मी लपवलं." मी मोकळी बाही खांद्यापर्यंत वर ओढली. "हे बघा. हे गेलेलं नाही. कुणी माझी साक्ष ऐकून औषध बंद केलं असेल तर सुरू करा."

कुणीतरी सवयीने म्हणालं, "हालेलुया."

ब्रदरांनी हळूच, जवळजवळ मायेने, माझ्या हातातून माइक काढून घेतला. "बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "आमच्या बहिणीवर शत्रूने, सैतानाने, हल्ला केला आहे. जे प्रभूने काढलं ते तिने संशयाने परत बोलावलं. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू." पेटी वाजायला लागली. तीन-चार जणांनी मला गुडघ्यांवर बसवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवले. आधी पदर नीट माझ्या डोक्यावर ओढला, मग त्या पदरावर हात ठेवले. दाबून. त्यांच्या हातांच्या मधून मी बायकांच्या बाजूला बघत होते. कडूबाई खांबापासून हलली. मला वाटलं ती पुढे येते. तिने मुलगी खांद्यावर सावरली, रांगेतून वाट काढली आणि मांडवाबाहेर उन्हात गेली. एसटी स्टँडच्या दिशेने. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

वरून ओरडत होते, "नीघ! नीघ!" मी वाट बघत होते. आता देव काहीतरी करेल असं मला वाटत होतं. बरं करेल असं नाही, ते मी सोडलं होतं. पण खरं बोलल्यावर निदान आतून काहीतरी हलकं होतं असं म्हणतात. काही झालं नाही. गुडघे दुखत होते आणि मानेवरून घाम ओघळून चट्ट्यांवर झोंबत होता.

शीलवंत मला मांडवाच्या मागे भेटला. त्याची आई लांब रिक्षापाशी उभी होती.

"आधी सांगायला हवं होतं तुम्ही," तो म्हणाला.

"हो."

"मला सांगितलं असतं तर कदाचित मी..." त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्या आईने हाक मारली आणि तो गेला. आठ दिवसांनी मागणीची साडी आणि अंगठी आम्ही परत पाठवली. त्याने नंतर लग्न केलं, सुखात आहे असं ऐकते.

आई घरापर्यंत माझ्या पुढे दहा पावलं चालत गेली. त्या संध्याकाळपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. सकाळचं तेल थांबलं. ती त्या वेळेला शेजारी निघून जायची.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आमच्या मंडळीतली एक नर्स घरी आली. ती सरकारी दवाखान्यात नोकरीला होती. तिने सांगितलं की काल संध्याकाळी एसटीत एका मुलीला फिट आली ती थांबेचना. ड्रायव्हरने गाडी थेट दवाखान्यात आणली. मुलगी अजून शुद्धीवर नाही. तिची आई सारखी म्हणतेय, त्या पाटोळ्यांच्या पोरीमुळे. "तुझ्यामुळे आणलं म्हणतेय की तुझ्यामुळे झालं म्हणतेय, ते मला कळलं नाही," नर्स म्हणाली.

मला कळलं. दोन्ही.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूचं शरीर म्हणून भाकर घ्यायचा विधी. आई आली नाही. मला आठवतं तेव्हापासूनचा हा तिचा पहिला चुकलेला रविवार. मी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घातला. धाडस वगैरे काही नव्हतं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं आणि उकडत होतं. मी बाकावर बसले तशी शेजारच्या दोघी उठून पुढच्या बाकावर गेल्या.

आमचे पाळक दाऊद त्रिभुवन म्हातारे होते. थोडे अडखळत बोलायचे, उपदेशाला लोक पेंगायचे. त्यांच्या चर्चमध्ये कधी चमत्कार घडला नव्हता. त्यांनी पापकबुलीची प्रार्थना सुरू केली. सगळे म्हणत होते ते शब्द मी म्हटले नाहीत. मनात फक्त वनिता, वनिता असं म्हणत राहिले. मला क्षमा हवी होती असंही नव्हतं. ती मागायला माझ्याकडे तोंड नव्हतं. उठून घरी जावं असं वाटत होतं. पण बाकातून बाहेर पडले तेव्हा पाय दाराकडे न जाता पुढे गेले. का, ते मी आजही सांगू शकत नाही.

वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले. माझ्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी राहिली. मी तळहात पुढे केले. त्यांवरच्या भेगा सभेतल्या धक्काबुक्कीने उघडल्या होत्या आणि भरत नव्हत्या.

पाळक भाकर मोडत माझ्यापर्यंत आले. प्रत्येकासमोर म्हणायचे तेच शब्द त्यांनी म्हटले. त्यात शरीर हा शब्द आहे. मोडलेलं शरीर. बाप्तिस्मा झाल्यापासून तो शब्द मी किती वेळा ऐकला असेल. त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. तो भेगेवरच बसला आणि कडेने लाल झाला. मी घाबरून वर पाहिलं. वाटलं, ते तो काढून घेतील, दुसरा देतील, किंवा देणारच नाहीत. पाळक त्या तुकड्याकडे बघत होते. मग त्यांनी माझी बोटं त्यावर मिटवली आणि हात तसाच धरून ठेवला.

"घे, बाळ," ते म्हणाले. "त्याने तुझा हात बघूनच दिलंय."

मी ते खाल्लं. त्याला माझ्या रक्ताची चव होती.

नऊ वर्षं मी हे अंग घेऊन देवाकडे जात होते आणि म्हणत होते, हे बदलून दे. हे माझं नाही, माझं दुसरं आहे, ते दे. आणि त्याने मला जे काही दिलं होतं ते याच अंगात दिलं होतं. त्याचं मोडकं शरीर त्याने माझ्या फाटक्या हातावर ठेवलं होतं. दुसऱ्या, स्वच्छ हातांची वाट न बघता. मला आनंद झाला नाही. खाज थांबली नाही. पण कठड्याशी गुडघ्यांवर असताना पहिल्यांदा मी म्हटलं, हे माझं आहे. हे हात माझे आहेत. यांनी खोटी साक्ष दिली ती माझी, आणि यांना भेगा पडल्या त्याही माझ्या. आणि तो यांना ओळखतो.

घरी आले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तेलाची बाटली घेतली, अंगणात उन्हात बसले आणि स्वतःच्या हातांना तेल लावलं. रस्त्याने लोक जात होते. पाठीला हात पोचला नाही. तो आजही पोचत नाही.

पुढचं सांगायचं तर फारसं चांगलं नाही. आई आणखी सहा वर्षं जगली. तिने मला माफ केलं असं मला कधी वाटलं नाही, आणि केलं असेल तर ते तिने सांगितलं नाही. माझं लग्न झालं नाही. सोरायसिस आहे, थंडीत वाढतो, पावसाळ्यात जरा बरा असतो. ब्रदर योनाथान यांच्या सभा अजून भरतात. वनिता वाचली, पण डावा हात पहिल्यासारखा चालला नाही आणि ती शाळेत परत गेली नाही. कडूबाई माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

पण त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी सरकारी दवाखान्यात गेले होते. मुलांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर वनिता पडली होती. रविवारी दुपारी शुद्धीवर आली होती. मला बघताच कडूबाई स्टुलावरून उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली. तांब्या भरलेलाच होता. मी खाटेपाशी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, ते सगळं विसरले.

वनिता माझ्या हातांकडे बघत होती. जीभ जड झाली होती, शब्द हळू हळू येत होते.

"त्ये दुखतं?"

"हो. कधी कधी."

"कवा जानार?"

"जाणार नाही."

तिने थोडा विचार केला. "मंग?"

"मग काही नाही," मी म्हणाले. "असंच राहायचं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आणखी काही सांगेन म्हणून. माझ्याकडे तिच्यासाठी तेवढं एकच खरं होतं. मग तिने उजव्या हाताने आपला डावा हात उचलून पोटावर ठेवला, अंग कसंबसं भिंतीकडे ओढलं आणि खाटेवर माझ्यापुरती जागा केली.